मेंदूतला जागल्या

वाचकहो, पूर्वी गावोगाव जागल्या असे. रात्री गस्त घालावी, परका दिसला की हटकावे, हे त्याचे काम. आपल्या मेंदूतही असे जागले आहेत बरं का! शास्त्रज्ञ त्यांना 'मायक्रोग्लिया' म्हणतात. स्पेनचे संशोधक पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून या पेशी वेगळ्या ओळखल्या. गर्भ अगदी लहान असतानाच त्या मेंदूत येऊन वस्ती करतात. आपले बारीक फाटे सारखे हलवीत त्या आसपासची जागा चाचपत असतात. जंतू शिरला किंवा एखादी पेशी मेली, की तिथे धावायचे आणि घाण गिळून टाकायची, हा त्यांचा नित्यक्रम.

आता मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार काय आहे ते पाहू. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. विहिरीवरच्या मोटारीची वायर तुम्ही पाहिलीच आहे. तारेवरचे आवरण सोलले गेले की मोटार नीट चालत नाही. मज्जातंतूंवरही 'मायलिन' नावाचे स्निग्ध आवरण असते. या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतात व या आवरणावरच तुटून पडतात. मग डोळ्यांचा निरोप मेंदूला आणि मेंदूचा निरोप हातापायांना धड पोहोचत नाही.

अशा वेळी आपला जागल्या काय करतो? खरी मेख इथेच आहे. एकीकडे तोही चिथावला जातो आणि घरच्याच माणसांवर काठी उगारतो. हल्ला थंडावल्यावरसुद्धा काही जखमांच्या कडेला हे जागले वर्षानुवर्षे धुमसत राहतात. राखेखालचा विस्तवच म्हणा ना! रोग्याला नवा झटका येत नाही, तरी चालणे हळूहळू बिघडत जाते, त्यामागे हे एक कारण आहे. पण दुसरीकडे, तुटलेल्या मायलिनचा कचराही हेच जागले उचलतात. तो उचलला गेला नाही, तर नवे आवरण नीट बसत नाही. तेव्हा जागल्याला सरसकट हाकलून भागत नाही. त्याला ताळ्यावर आणले पाहिजे. संशोधकांचे प्रयत्न त्याच दिशेने चालले आहेत. आज मिळणारी बहुतेक औषधे मुख्यतः रक्तातल्या पेशींना आवरतात आणि झटके कमी करतात. रोग त्यांनी समूळ जात नाही. पण ती लवकर सुरू केली, तर पुढचे बरेच नुकसान टळते.

हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो. स्त्रियांत अधिक आढळतो. एका डोळ्याने अंधुक दिसणे व तो हलवताना दुखणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे, अतिशय थकवा येणे, ही त्याची लक्षणे. पुष्कळदा ती काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, आणि श्रेय मिळते अंगाऱ्याला! घरचे निर्धास्त होतात, आत मात्र नुकसान चालूच राहते. म्हणून अशी लक्षणे एक-दोन दिवसांहून जास्त टिकली, तर ती ओसरण्याची वाट न पाहता जिल्ह्याच्या रुग्णालयात जा आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. एम.आर.आय. तपासणीत जखमांचे डाग दिसतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे गावाला तुम्ही सांगा. भांडी हातून निसटणारी सून आळशी नसेल, कदाचित आजारी असेल, हेही सांगा. तुमचा शब्द गावात मानतात.