कळपातला घोडा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यास भरणाऱ्या यात्रेतील घोड्यांच्या किमतींची चर्चा वर्तमानपत्रांतून यथेच्छ झाली आहे. तिची उजळणी मी करीत नाही. मला खंत वाटते ती त्या बातम्यांसोबत छापल्या जाणाऱ्या छायाचित्रांची, कारण त्यांत साज चढवून, लगाम खेचून, मान ताठ करवून उभा केलेला घोडा नेहमी एकटा असतो. आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथेही नागपूर-अमरावती रस्त्यावर तो दिसतो तो नवरदेवाला पाठीवर घेतलेला, बँडच्या गजरात बावरलेला आणि एकटाच.

वस्तुतः एकाकीपणा या प्राण्याच्या प्रकृतीतच नाही. मोकळ्या कळपाला पाण्याकडे नेते ती पुष्कळदा एखादी अनुभवी घोडी, आणि नर मागे राहून, मान जमिनीसरशी ताणून, रेंगाळणाऱ्यांना हाकीत असतो. गाढ झोपेसाठी घोड्याला आडवे व्हावे लागते, आणि तेवढा विश्वास त्याला येतो तो शेजारी कोणीतरी जागे उभे असले तरच. दोन घोडी परस्परांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवू लागली की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून सिद्ध झालेले आहे. आणि रोष व्यक्त करावयाचा तर कान मागे पाडले की बहुधा पुरते, लाथेची पाळी येत नाही. ही कानांची भाषा ज्याला वाचता येत नाही त्याने कितीही भारी कॅमेरा घेतला तरी त्याच्या हाती केवळ कातडीची झळाळी लागते.

चित्रकारांनी शतकानुशतके भरधाव घोडा चारी पाय पुढेमागे फाकलेला रंगवला. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून दाखवून दिले की चारी खूर अधांतरी असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. यंत्राने दृष्टीचा एवढा मोठा दोष दूर केला, तरी यात्रेतला छायाचित्रकार अजून रुंद भिंग घेऊन नाकाशी भिडतो, आणि मग डोके अवाढव्य व पुठ्ठा खुजा उमटतो. वास्तविक दूरच्या भिंगाने, घोड्याच्या छातीच्या उंचीवरून, खांद्याच्या तिरक्या बाजूने टिपावे. कपाळासमोर आणि शेपटीमागे घोड्याला दिसत नाही, तेथून आलेल्या माणसाला तो बुजणारच.

पशुजातींची नोंद करणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्यापासून मराठी फौजेतील शिलेदारांच्या त्या तट्टाचे स्मरण पुन्हा होऊ लागले आहे. पण पागा गेल्या, दफ्तरे बांधली गेली, आणि तो वंश टिकला तो भटक्या धनगरांच्या बिऱ्हाडापायी. त्याचे खरे छायाचित्र कोणाला घ्यावयाचे असेल तर त्याने धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर, चार दिवस मुक्काम करावा, आणि पहाटे वाडा हलताना, पाठीवर भांडी, घोंगड्या व नुकतीच जन्मलेली कोकरे घेऊन निघालेली घोडी मागे राहिलेल्या शिंगराकडे मान वळवील तोवर थांबावे.