आरशापुढचे वाक्य : शरीराबद्दल स्वतःशी काय बोलावे?

शाळेत वर्षातून एक-दोनदा उंची-वजन मोजण्याचा कार्यक्रम होतो. वर्गाच्या कोपऱ्यात वजनकाटा ठेवलेला असतो. मुले रांगेत उभी राहतात, कोणीतरी आकडा मोठ्याने वाचतो आणि शिक्षक तो नोंदवहीत लिहून घेतात. त्या आकड्यात चांगले-वाईट काही नसते. ते केवळ एक मापन असते. पण आकड्यामागोमाग रांगेतून खुसखुस ऐकू येते, आणि नववीतली एखादी मुलगी त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. आकडा काट्याने सांगितला, अर्थ मात्र रांगेने लावला.

अशा मुलांसाठी हल्ली एक सोपा उपाय सुचवला जातो. रोज सकाळी आरशापुढे उभे राहावे आणि ‘मी सुंदर आहे, माझे शरीर मला आवडते’ असे वीस वेळा म्हणावे. याला स्वयंसूचना म्हणतात. हा उपाय खरोखर उपयोगी पडतो का? प्रयोगाने तपासता येईल असा हा प्रश्न आहे आणि तो तपासलाही गेला आहे.

कल्पना जुनीच आहे

फ्रान्समध्ये एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचे एक औषधविक्रेते होते. औषधाबरोबर आशेचे दोन शब्द दिले तर रुग्णाला अधिक बरे वाटते, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी लोकांना प्रकृती सुधारत असल्याचे एक छोटे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायला सांगितले. मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी सुचवली. म्हणजे आपली जपमाळच! १९२०च्या दशकात ही पद्धत युरोप-अमेरिकेत फार लोकप्रिय झाली.

स्वतःशी बोलण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. समर्थ रामदासांचे मनाचे २०५ श्लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जातात. त्यांत मनाला हाक मारली आहे आणि त्याला समजावले आहे. मनाची स्तुती केलेली नाही, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो आपल्या उपयोगी पडेल.

प्रयोग काय सांगतो?

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील स्वयंसेवकांनी चार मिनिटे मनात येतील ते विचार लिहून काढायचे होते. त्यांपैकी काहींनी दर वेळी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य स्वतःशी म्हणायचे होते. ज्यांचे स्वतःबद्दलचे मत आधीच चांगले होते, त्यांना या वाक्याने थोडे बरे वाटले. ज्यांचे स्वतःबद्दलचे मत वाईट होते, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिकच वाईट वाटले. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांनाच औषध बाधले! नंतरच्या सर्वच प्रयोगांत हा तोटा दिसलेला नाही. तरी नुसत्या स्तुतीच्या जपावर विसंबू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

असे का व्हावे? आपल्या मतापासून थोड्या अंतरावरचे विधान मन विचारात घेते. फार दूरचे विधान मात्र ते परतवून लावते, असे मनोवृत्तींच्या अभ्यासात आढळून आले आहे. ‘मी कुरूप आहे’ असे मानणाऱ्या मुलीने ‘मी सुंदर आहे’ म्हटले की तिच्या मनात लगेच उलट साक्षीदार उभे राहतात. मावशी काय म्हणाली, वर्गात कोणते नाव पडले, स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत का उभे केले. वाक्य एकदा उच्चारले जाते आणि पुरावे दहा निघतात.

हे पुरावे तिने स्वतः गोळा केलेले नसतात. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे घरातले वाक्य, ‘गोरी, सडपातळ’ वधू हवी असलेली जाहिरात आणि हातातला मोबाईल या सर्वांनी ते पुरवलेले असतात. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५मध्ये भारतात आले. त्याच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द २०२०मध्ये गेला. पंचेचाळीस वर्षे गोरेपणा आणि प्रेम यांची जोडी बाजारात उभी होती.

बाहेरच्या चित्रांचा परिणाम किती झपाट्याने होतो, हे फिजी बेटांवर दिसून आले. तेथे भरदार शरीर चांगले मानत. नाड्रोगा भागात १९९५मध्ये दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८मध्ये पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत आढळल्या नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत त्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते.

ठाण्यात रुजलेला एक विचार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था सुरू केली. या संस्थेने ही विचारपद्धती दवाखान्याबाहेर, सर्वसामान्य माणसांपर्यंत नेली.

या पद्धतीचा गाभा अ-ब-क या तीन अक्षरांत सांगता येतो. ‘अ’ म्हणजे घटना, ‘ब’ म्हणजे तिच्याविषयीचा आपला विश्वास आणि ‘क’ म्हणजे होणारा परिणाम. आपल्याला वाटते की ‘अ’मुळे ‘क’ घडले. प्रत्यक्षात मधला ‘ब’ मोठे काम करत असतो.

उदाहरण घेऊ. वजन करताना कोणी ‘हत्ती’ म्हणाले, ही घटना. ‘मी बारीक असलेच पाहिजे, नाही तर मी कुचकामी’, हा विश्वास. डबा न खाणे, खेळाच्या तासाला पोट दुखते असे सांगणे, हा परिणाम. चिडवणाऱ्याला थांबवणे हे शिक्षकांचे काम आहेच. पण मुलीच्या हातात काय आहे? ‘ब’ बदलणे. त्या जागी ‘मी जगात सर्वांत सुंदर’ असे वाक्य बसवायचे नाही, कारण ते तिला पटणार नाही. ‘मी बारीक असते तर मला आवडले असते, पण तसे असलेच पाहिजे असा नियम नाही, आणि वजनावरून माझी किंमत ठरत नाही’ हे वाक्य खरे आहे आणि तिला पटण्याजोगे आहे. यात स्तुती नाही, समजावणे आहे.

एलिस यांचा आग्रह असा, की एखाद्या गुणाचे मोजमाप जरूर करावे, सबंध माणसाचे करू नये. ‘माझे वजन ६२ किलो आहे’ हे मापन झाले. ‘मी फालतू आहे’ हे मापन नव्हे. त्याला एकक नाही.

कसे दिसते? की काय करते?

दुसरा उपयुक्त धागा नेदरलँड्समधील जेसिका अॅलेव्हा यांच्या कामातून मिळतो. स्वतःच्या शरीराबद्दल नाराज असलेल्या तरुण स्त्रियांना त्यांनी तीन लेखन-अभ्यास दिले. विषय होता, ‘माझे शरीर माझ्यासाठी काय काय करते आणि ते मला का महत्त्वाचे वाटते’. असे लिहिणाऱ्यांचे आपल्या शरीराविषयीचे समाधान, दुसऱ्या विषयावर लिहिणाऱ्यांच्या मानाने वाढलेले आढळले. हा अभ्यास २०१५चा आहे.

येथे विज्ञानशिक्षकाला मोठी संधी आहे. डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाचा पूल मुलांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. समजा, तो ६ मीटर चढायचा आहे. ४५ किलो वस्तुमानाच्या मुलीला त्यासाठी ४५ × ९.८ × ६, म्हणजे २,६४६ ज्यूल कार्य करावे लागते. ६० किलोच्या मुलीला ३,५२८ ज्यूल. जिच्या मांड्यांवरून तिला चिडवतात, तिचे स्नायू प्रत्येक वेळी सुमारे एक तृतीयांश अधिक काम करतात. हे कौतुकाचे शब्द नाहीत, गणित आहे.

नाडी मोजू द्या. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १,००,८०० होतात. त्वचेचे घ्या. गोऱ्या आणि सावळ्या माणसांच्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावरच्या ठाण्याच्या उन्हात सावळी त्वचा हे चांगले संरक्षण आहे.

वाढीचे वेळापत्रकही सांगावे. मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. आधी हातपाय लांबतात, धड मागून येते. वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढणे हा निसर्गक्रम आहे. सातवीच्या एकाच बाकावर वाढीच्या दृष्टीने तीन-चार वर्षांचे अंतर असलेली मुले बसलेली असू शकतात. त्यांची आपापसांत तुलना करणे म्हणजे निरनिराळ्या वेळी सुटलेल्या लोकलची एकाच घड्याळावर शर्यत लावणे होय.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. प्रत्येकाने वहीत ‘माझे शरीर काय करते’ या विषयावर पंधरा मिनिटे लिहावे. चालणे-धावणे एवढेच त्यात यावे असे नाही. पचन, जखम भरणे, ऐकणे, गाणे, चित्र काढणे, मित्राला मिठी मारणे, झोपेत झीज भरून काढणे, हे सारे चालेल. अपंग विद्यार्थी वर्गात असेल तर हे आवर्जून सांगावे.

२. त्यातून एकच वाक्य निवडावे. त्याला तीन प्रश्न विचारावेत : हे खरे आहे का? हे नेमके आहे का? हे मला आतून पटते का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तरच ते आपले वाक्य.

३. ते वाक्य अडचणीच्या प्रसंगाशी जोडावे. ‘कोणी बुटका म्हणाले, तर मी स्वतःला सांगेन, की उंची हे माझे एक माप आहे, माझे नाव नव्हे.’

४. लिहिलेले कोणालाही सक्तीने वाचायला लावू नये. वजन-उंची एकेकाला वेगळे बोलावून मोजावी आणि आकडा मोठ्याने वाचू नये.

सावधगिरीचे दोन शब्द

शरीराचा स्वीकार म्हणजे त्याकडे दुर्लक्ष नव्हे. ज्याच्याशी आपले वैर नाही, त्याची काळजी घेणे सोपे जाते. वजनाबद्दल वैद्यकीय शंका असेल तर प्रौढांचे तक्ते मुलांना लावू नयेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षे वयासाठी २०१५मध्ये सुधारित वाढतक्ते दिले आहेत. ते डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.

काही खुणा दिसल्या तर वाक्यांवर विसंबून राहू नये. वारंवार डबा टाळणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे, व्यायामशाळेत कोणी दिलेली इंजेक्शने किंवा अनोळखी पावडरी घेणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणे, या त्या खुणा होत. अशा वेळी पालक आणि डॉक्टर यांना गाठावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

शेवटी आपल्याच हातातल्या एका कागदाकडे पाहावे. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन यांचे रकाने असतात. आपण ते दरवर्षी भरतो. पण एकूण गुणांची बेरीज करताना ते आकडे कोणी त्यात मिळवत नाही. ही साधी गोष्ट एकदा वर्गात फळ्यावर लिहून दाखवावी. मुलांनी स्वतःशी म्हणावे असे खरे वाक्य त्यांना त्यातूनच सापडेल.