बेताच्या खर्चांत घरचा संगणक

घरांत संगणक असावा कीं नसावा, हा वाद आतां शिळा झाला आहे. ज्या घरांत दोनतीन माणसें शिकणारीं-लिहिणारीं आहेत त्या घरांत तो हवा असतो. घोडें अडतें तें खर्चापाशीं. “मोबाईल आहे ना प्रत्येकाजवळ, मग आणखी हें कशाला?” असें विचारणारी वडीलधारी मंडळी आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत, आणि त्यांचा प्रश्न अगदींच वावगा नाहीं. बातम्या वाचणें, पैसे पाठविणें, परगांवीं दिलेल्या लेकीशीं समोरासमोर बोलणें हीं कामें मोबाईलवर उत्तम होतात. परंतु चार पानी अर्ज भरावयाचा, सात-आठ दाखले ठराविक मापाचे करून त्यास जोडावयाचे, घरचा जमाखर्च मांडावयाचा, अथवा दहाही बोटांनीं टंकलेखनाचा सराव करावयाचा म्हटला म्हणजे त्या तळहाताएवढ्या कांचेवर जीव मेटाकुटीस येतो. मग मनुष्य बाजारांतल्या केंद्रावर रांग धरतो आणि आपलीं खाजगी कागदपत्रें परक्याच्या यंत्रांत ठेवून घरीं परततो.

नांदेडहून हिंगोलीकडे जातांना वाटेवर अर्धापूर हें तालुक्याचें गांव लागतें. केळी आणि हळद या दोन पिकांनीं त्याचें नांव दूरवरच्या बाजारांत पोंचविलें आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका घरांतील मुलीस लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं तयारी करावयाची होती. या पदास मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० शब्द, किंवा इंग्रजीचा ४० शब्द, असा लागतो. शिकवणीच्या वर्गांत तिला यंत्र रोज एकच तास मिळे, आणि वीज गेली कीं तोही तास बुडे. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनीं खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये अशी आंखून दिली होती. दुकानांत गेल्यावर पस्तीस हजारांचा लॅपटॉप मासिक हप्त्यांवर पुढें करण्यांत आला. आजीबाईंनीं “हप्ता नको, असेल तेवढ्यांतच करा” असें निक्षून सांगितलें. तेव्हां आम्हांस विचारणा झाली, आणि आम्हीं जी तजवीज सुचविली ती येथें इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल अशा बेतानें देत आहों.

घरीं संगणक जुळविणें म्हणजे कांहीं तरी अचाट कर्म आहे, ही भीति प्रथम मनांतून काढली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ नांवाचा संगणक बांधण्यांत आला व तो १९६० सालीं कामास लागला. तो खरोखरच विद्वानांच्या मेळ्यानें, हजारों निर्वात नळ्या जोडून उभारलेला होता. त्याच्या मुख्य स्मृतींत ४० अंशांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबानें दहा किलोबाइट. आज बाजारांत मिळणाऱ्या साध्या आठ गिगाबाइटांच्या रॅमची पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून अधिक मोठी आहे, व ती अंगठ्याच्या दाबानें खांचेंत बसते. पुढें १९७५ च्या जानेवारींत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकानें ‘अल्टेअर ८८००’ हें घरीं जुळवावयाचें यंत्र मुखपृष्ठावर छापलें आणि हौशी लोकांनीं डाख देऊन तीं यंत्रें बांधलीं. १९८१ सालीं ‘आय.बी.एम.’ या कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारांत सुटे भाग घेऊन बांधला. त्याची रचना उघडी असल्यामुळें इतर कारखान्यांनीं तिच्याशीं जुळणारे भाग काढले, आणि एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या यंत्रांत बसूं लागला. आपण घरीं स्क्रू-पिळण्यानें जें करणार आहों त्याचें मूळ त्या गोष्टींत आहे. डाख देण्याचें काम आतां मुळींच उरलेलें नाहीं.

आतां यंत्र कोणतें घ्यावें? सगळे भाग नवे घेऊन पंधरा हजारांत धड संगणक होत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. केंब्रिजच्या मंडळींनीं २०१२ सालीं ३५ डॉलरांस काढलेला ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्यांच्या डावाएवढा संगणक आम्हांस फार प्रिय आहे. परंतु त्याला वीजपुरवठा, पेटी, साठवणीचें कार्ड असें एकेक जोडीत गेलें कीं स्वस्ताई ओसरते, आणि घरकामास तो थोडा तोकडाही पडतो. खरी सोय आहे ती मोठ्या कचेऱ्यांनीं काढून टाकलेल्या यंत्रांची. बँका व कंपन्या ठराविक वर्षांनीं आपलीं यंत्रें मोडीत काढतात. त्यांतच ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि ‘विंडोज ११’ ला बहुतेक करून आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें सहाव्या-सातव्या जनरेशनचीं, अंगानें धडधाकट अशीं यंत्रें बाजारांत येऊन पडलीं आहेत. कचेरीला तीं निरुपयोगी झालीं. घराला तीं अजून कैक वर्षें पुरतील.

हीं यंत्रें नांदेडच्या दुकानांतून मिळतात. मोठी निवड हवी असल्यास सिकंदराबादच्या ‘चिनॉय ट्रेड सेंटर’ कडे किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे पाहावें. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होता, त्यामुळें कापडापासून औषधांपर्यंत तिकडच्या पेठेचा राबता आमच्या लोकांस जुनाच आहे. संगणकानें त्यांत भर घातली एवढेंच. मात्र दुरून मागविण्यापेक्षां समोर बसून पारखून घेणें हिताचें. यंत्र दुकानांतच अर्धा तास चालवून पाहावें. पंखा घरघरतो काय, मध्येंच आपोआप बंद पडतें काय, मागचीं सर्व छिद्रें पेन ड्राइव्ह ओळखतात काय, हें तपासावें. पडदा जोडण्याचें छिद्रही पाहून ठेवावें. कचेरीच्या पुष्कळ यंत्रांस ‘एच.डी.एम.आय.’ नसतें, ‘डिस्प्लेपोर्ट’ व जुनें ‘व्ही.जी.ए.’ असतें, आणि घरीं आल्यावर वायर जुळत नाहीं म्हणून पुन्हां पंचवीस मैलांची खेप पडते. एक गोष्ट आणखी. अगदीं चपट्या, लहान डब्यांतील यंत्र दिसावयास सुबक असतें, पण त्याचा वीजपुरवठ्याचा भाग, ज्यास एस.एम.पी.एस. म्हणतात, तो वेगळ्याच घडणीचा असतो व बिघडल्यास बदली मिळतां मिळत नाहीं. जागा असेल तर मोठ्या पेटीचें घ्यावें.

रॅम आठ गिगाबाइट आंत बसविलेलीच घ्यावी. पुढें वाढवूं, असा विचार करूं नये. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनीं स्मृतीच्या चकत्यांस एवढी मागणी लावली कीं जगभर रॅमचे भाव भडकले, आणि त्याची झळ अर्धापूरच्या गिऱ्हाइकासही लागली. याच्या उलट, आंतली जुनी फिरती तबकडी मात्र निःशंकपणें काढून टाकावी व तिच्या जागीं २५६ गिगाबाइटांची नवी एस.एस.डी. घालावी. जुन्या यंत्रास तरुण करणारा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाहीं. ही वस्तु ओळखीच्या कारखान्याची, पावतीसह घ्यावी. नांवगांव नसलेल्या, कवडीमोलानें ‘एक टेराबाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या खोटा आकडा दाखवितात. थोडे दिवस सर्व ठीक चालतें आणि मग मुलांच्या बारशाचीं छायाचित्रें कायमचीं नाहींशीं होतात.

आमच्या अर्धापूरच्या मंडळींचा हिशेब असा झाला: यंत्र ६,८०० रुपये, कचेरीतलाच जुना एकोणीस इंची पडदा २,२००, एस.एस.डी. २,४००, यू.पी.एस. २,६००, कळफलक व माऊस ७००, आणि किरकोळ २००, एकूण १४,९००. भाव दर महिन्यास हलतात, तेव्हां हे आकडे प्रमाण कळावें एवढ्याचसाठीं घ्यावे.

यंत्र घरीं आल्यावर प्रथम तें विजेपासून पूर्ण सोडवून उघडावें. आंत अनेक वर्षांची धूळ असते. मऊ कुंचल्यानें ती झाडावी. झाडतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. नंतर प्रोसेसरवरील पंखा व धातूची जाळी सोडवावी. तिच्याखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली आढळेल. ती स्पिरिटच्या बोळ्यानें पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवावी आणि जाळी सरळ दाबून बसवावी. अधिक पेस्ट घातल्यानें अधिक थंडावा राहतो ही समजूत खोटी आहे. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हां बसवितांना दोन्ही टोकांचे चाप खट्ट असा आवाज करून मिटले पाहिजेत. यंत्र सुरू न होण्याचें निम्म्या वेळां एवढेंच कारण असतें. नाण्याएवढी ‘सी.आर. २०३२’ बॅटरी नवी घालावी, म्हणजे घड्याळ मागें पडणार नाहीं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत नायलॉनच्या कपड्यांतून ठिणग्या उडतात, व आपणांस न जाणवणारी तसली ठिणगीही रॅमला मारक होते. यास्तव सुती कपडे घालून, दर वेळीं पेटीच्या उघड्या धातूस हात लावून मग भागास स्पर्श करावा. आणि एस.एम.पी.एस. ची डबी कोणीही, कितीही हुशार असला तरी, उघडूं नये. वायर काढल्यावरही तिच्यांतील कपॅसिटरांत जीवघेणा भार उरलेला असतो.

याच जागीं आम्हांस थोडें अधिक थांबावयाचें आहे, कारण या गोष्टीची हेळसांड सुशिक्षित घरांतूनही सर्रास दिसते. भिंतीवरच्या बोर्डास तीन छिद्रें असलीं म्हणजे अर्थिंग आहे असें नव्हे. जुन्या वाड्यांत तिसऱ्या छिद्रामागें तारच नसते. मग संगणकाच्या पेटीस हात लागतांच बोटांस मुंग्या येतात, आणि घरचे “थोडा करंट मारतो, पण चालतो” म्हणून सोडून देतात. एस.एम.पी.एस. मधील गाळणीचा थोडा भार पेटीवर येतोच. त्याला जमिनींत जावयास वाट असावी लागते. ती नसेल, आणि आंत एखादी तार उघडी पडली, तर त्याच पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. ओल्या हातानें माऊस धरणारें पोर घरांत आहे हें ध्यानांत धरावें. अर्धापूरच्या या घरीं तिसरी तार खरोखरच नव्हती. वायरमनकडून मागल्या अंगणांत खड्डा घेऊन, कोळसा व मीठ भरून नवें अर्थिंग करविलें. तो खर्च वरच्या हिशेबाबाहेर झाला, आणि वडिलांनीं तो कुरकुर न करतां दिला.

प्रणालीविषयीं आमचें मत असें कीं, दुकानदारानें चोरून घातलेली विंडोज ठेवूं नये. ‘लिनक्स मिंट’ ही प्रणाली विनामूल्य व कायदेशीर मिळते, जुन्या यंत्रावर हलकी चालते, आणि तिच्याबरोबर ‘लिब्रेऑफिस’ हें लिखाणाचें व हिशेबाचें साहित्य आयतेंच येतें. ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्यें घेऊन अर्ध्या तासांत बसवितां येते. कचेरीच्या यंत्रांत बहुधा वाय-फाय नसतें. सध्यां मोबाईल वायरीनें जोडून त्याचेंच इंटरनेट वापरावें. मात्र ज्यांस डिजिटल सहीचें किंवा परीक्षेच्या सरावाचें एखादें विशिष्ट सॉफ्टवेअर वापरावयाचें आहे, त्यांनीं तें लिनक्सवर चालतें कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी.

मराठीसाठीं वेगळें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. भारतीय लिप्यांसाठीं सरकारमान्य ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक प्रणालींतच असतो: स्वर व मात्रा डाव्या हाताखालीं, व्यंजनें उजव्या हाताखालीं. पंधरा दिवसांत बोटें वळतात. परंतु टंकलेखनाच्या परीक्षांस कोठें ‘रेमिंग्टन’ पद्धतीची रचना चालते, कोठें इनस्क्रिप्ट; जाहिरात नीट वाचूनच सराव धरावा, कारण एकदां वळलेलीं बोटें दुसरीकडे वळविणें महाकठीण. लेखन युनिकोडमध्येंच करावें. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर जातांच त्याचें गारूड होतें, आणि कित्येक संस्थांचीं जुनीं इतिवृत्तें आज याच कारणानें वाचतां येत नाहींत.

मुलगी आतां पहांटे दोन तास सराव करते. निवृत्त गुरुजींनीं आरंभीं यंत्राकडे पाहिलें नाहीं; पुढें डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो असें कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले, आणि विश्वकोशाच्या नोंदी वाचूं लागल्यापासून सायंकाळीं ती खुर्ची त्यांचीच असते. हलक्या कामांत हें यंत्र पडद्यासह साधारण साठ वॅट वीज घेतें. रोज चार तास चाललें तर महिन्यास सात-आठ युनिट.

निगा फार नाहीं. हळद शिजवून, वाळवून पॉलिश करण्याच्या दिवसांत अर्धापूरच्या हवेंत पिवळी बारीक धूळ तरंगत असते. तो हंगाम संपला कीं पेटी उघडून एकदां झाडावी. तिच्यावर कापडी झालर घालून हवेच्या जाळ्या बुजवूं नयेत. यू.पी.एस. दहा-पंधरा मिनिटें देतो, तीं लिखाण जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठीं आहेत, काम पुढें रेटण्यासाठीं नव्हेत. त्याची बॅटरी आमच्याकडच्या उन्हाळ्यांत दोन-तीन वर्षांत थकते. नवी घेतांना जुनी दुकानदारास परत द्यावी. शिशाच्या मोलानें तो कांहीं रुपये वळते करून देतो.