सायकलचे हेल्मेट : सोला टोपीपासून कायद्याच्या कलमापर्यंत

सायकलस्वाराच्या डोक्याची काळजी प्रथम उत्पन्न झाली ती 1870 च्या दशकातल्या उंच सायकलींमुळे. पुढचे चाक जवळजवळ दीड मीटर व्यासाचे आणि स्वार त्याच्या माथ्यावर. चाकाखाली दगड आला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर आपटे. त्यावर काही हौशी स्वार सोला टोपी घालत. खरा उपाय मात्र टोपीने नव्हे, सायकलीनेच शोधला. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या आकाराच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ आणली. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. पडण्याची उंची आणि गचके दोन्ही कमी झाले. सुरक्षेतली ही प्रगती पुढच्या कोणत्याही हेल्मेटपेक्षा मोठी म्हणावी लागेल, पण हेल्मेटच्या चर्चेत तिची आठवण क्वचितच निघते.

शर्यतीतले स्वार पुढे कित्येक दशके कातड्याच्या, आत भरण असलेल्या पट्ट्यांची जाळी डोक्याला बांधत. तिने खरचटणे टळे, धक्का मात्र थेट कवटीला बसे. कारण मेंदूला वाचवायचे तर डोके थांबण्याला काही मिलिसेकंद आणि काही मिलिमीटर जास्त मिळाले पाहिजेत. त्यासाठी मध्ये चिरडला जाणारा थर लागतो. हा विचार मोटारशर्यतींच्या जगातून आला. पीट स्नेल हा चालक 1956 मध्ये शर्यतीत मरण पावला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हेल्मेटची चाचणी करणारी संस्था उभी राहिली. सायकलसाठी हे तत्त्व बाजारात रुजवले ते अमेरिकेतल्या ‘बेल बायकर’ने, 1975 मध्ये. बाहेर कडक प्लॅस्टिकचे कवच आणि आत आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तेच, फक्त अधिक घट्ट. हा थर एकदा दबला की पूर्ववत होत नाही. म्हणूनच जोराच्या धक्क्यानंतर हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे लागते. 1980 च्या दशकात ‘जिरो’ कंपनीने कडक कवच काढून टाकले आणि हेल्मेट एवढे हलके झाले की न घालायला वजनाची सबब उरली नाही.

प्रमाणपत्र नेमके कशाचे असते, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. 1997 च्या युरोपीय मानकात हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके सपाट ऐरणीवर ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटतात. म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पडल्याइतके. त्या वेळी डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वत्वरणाच्या 250 पटींच्या आत राहिला पाहिजे. 1999 पासून लागू झालेल्या अमेरिकी मानकात उंची दोन मीटर, मर्यादा 300 पट. हा हिशेब स्वार स्वतः पडण्याचा आहे. ट्रकने उडवण्याचा नाही.

शिवाय खरा माणूस सरळ पडत नाही, तिरका पडतो. त्यात डोक्याला पीळ बसतो आणि मेंदूच्या तंतूंना इजा होते. स्टॉकहोमचे मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि तिथल्याच तंत्रविद्यापीठातले पीटर हाल्डिन यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यापासून यावर काम केले. हेल्मेटच्या आत काही मिलिमीटर सरकणारा पातळ थर, ज्याला ‘मिप्स’ म्हणतात, तो त्यातूनच आला.

व्यावसायिक स्वारांनी मात्र दीर्घकाळ विरोध केला. 1991 च्या पॅरिस–नीस शर्यतीत हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध त्यांनी निदर्शने केली आणि सक्ती मागे घ्यावी लागली. 1995 मध्ये तूर द फ्रान्समध्ये उतारावर पडून फाबिओ कासार्तेली गेला, तरी नियम आला नाही. 2003 मध्ये त्याच पॅरिस–नीसमध्ये आंद्रेई किविलेव दगावला आणि दोन महिन्यांत हेल्मेट सक्तीचे झाले. तेही सुरुवातीला शेवटच्या लांब चढावर काढण्याची मुभा ठेवून.

सामान्यांसाठी सक्ती करणारे पहिले राज्य ऑस्ट्रेलियातले व्हिक्टोरिया, 1 जुलै 1990. न्यूझीलंडने 1994 मध्ये अनुकरण केले. सिॲटलमधल्या 1989 च्या अभ्यासाने हेल्मेट डोक्याच्या 85 टक्के दुखापती टाळते असे म्हटले होते, आणि हा आकडा वर्षानुवर्षे फलकांवर मिरवला गेला. 2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडल्यावर तो निम्म्याच्या आसपास आला. गंभीर दुखापतींसाठी मात्र दोनतृतीयांशाहून किंचित वर. एवढेही हेल्मेट घालायला पुरेसे कारण आहे. वाद आहे तो सक्तीचा. मेलबर्नमध्ये कायद्यानंतर किशोरवयीन स्वारांची संख्या घटली, आणि रस्त्यावर सायकली विरळ झाल्या की मोटारचालकाला त्यांचे भानही कमी राहते. मेक्सिको शहराने 2010 मध्ये सक्ती रद्द केली.

नेदरलँड्सने वेगळा मार्ग धरला. तिथे 1971 मध्ये रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मग तेलटंचाईही आली, आणि सरकारने वेगळे सायकलमार्ग व संथ वस्त्या उभ्या केल्या. आजही तिथले बहुतेक लोक उघड्या डोक्याने सायकल चालवतात. हेल्मेट सांगायला स्वस्त आणि रस्ता बांधायला महाग, म्हणून बाकीच्या सरकारांना पहिलेच आधी सुचते.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 129 मोटारसायकलपुरते आहे. सायकलस्वाराला ते लागू नाही. सायकलसाठी केंद्राने 2020 मध्ये आदेश काढला, तो रिफ्लेक्टरच्या दर्जाचा.