काकडं कुणी काढली?

मिनेसोटातल्या लेक ईडन या काल्पनिक गावात पिठाच्या एका कंपनीने गोड पदार्थांची स्पर्धा भरवली आहे आणि ती टीव्हीवर दाखवली जाते आहे. परीक्षकांपैकी एक जण, गावातल्या शाळेचा बास्केटबॉल प्रशिक्षक, मेलेला सापडतो. त्याचा चेहरा स्ट्रॉबेरी शॉर्टकेकमध्ये रुतलेला असतो. तपास करते हॅना स्वेन्सन. ती पोलीस नाही, वकील नाही. गावात तिचं बिस्किटांचं दुकान आहे. जोअ‍ॅन फ्लूक यांची ‘स्ट्रॉबेरी शॉर्टकेक मर्डर’ ही कादंबरी २००१ साली आली. इंग्रजीत ज्यांना ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात त्या रहस्यकथांचा हा नमुनेदार मासला.

या कथांची घडी ठरलेली असते. गाव लहान, माणसं एकमेकांच्या ओळखीची. खून होतो, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत. शोध लावणारी बहुधा बाई असते आणि तिचं हत्यार म्हणजे तिची रोजची नजर: कोणाच्या घरी दूध किती लागतं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या हाताला कसली चव आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलने १९२७च्या एका कथेतून ही वाट रूढ केली.

टीव्हीवरची पाककला स्पर्धा या प्रकाराला इतकी का मानवली, हे समजायला त्या स्पर्धांकडेच पाहावं लागतं. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ २०१० साली बीबीसीवर सुरू झाला. हिरवळीवर एक पांढरा तंबू, त्यात मोजके हौशी स्पर्धक, दोन परीक्षक, घड्याळ. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. २०१४ साली एका स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीझरबाहेर राहून वितळलं, संतापून त्याने सगळा पदार्थ कचऱ्यात टाकला, आणि आइस्क्रीम फ्रीझरबाहेर कोणी काढलं यावर अख्खा देश भांडला. बीबीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या. आइस्क्रीमच्या एका भांड्यावरून एवढं घडत असेल, तर रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? जेसा मॅक्सवेल यांनी २०२३ साली ‘द गोल्डन स्पून’ या कादंबरीत अशाच स्पर्धेत खून घडवला.

आता शहापूर-मुरबाडकडे येऊ. इथे ओव्हन नाही, चूल आहे. पण या जातीच्या रहस्यकथेला लागणारं बाकी सगळं सामान ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत जितकं आहे तितकं इंग्लंडच्या खेड्यातही नसेल. माहुलीच्या पायथ्यापासून सिद्धगड-गोरखगडापर्यंतचं जंगल, त्यात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं एक शास्त्र: काय खायचं, काय खायचं नाही, आणि जे खाऊ नये ते खाण्याजोगं कसं करायचं.

शेवळांचंच बघा. पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येतात. आसनगाव, कल्याण, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बाया त्यांच्या जुड्या मांडून बसतात. शेजारी आवळ्यासारख्या हिरव्या आंबट फळांचा एक वाटा असतो, तो काकडांचा. नवखं गिऱ्हाईक शेवळं घेतं आणि काकडं ठेवून जातं. मग विकणारी बाईच त्याला थांबवते. कारण शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आतला पिवळा भाग काढून टाकला नाही, काकडांचा रस किंवा चिंच घातली नाही, तर घशाला अशी खाज सुटते की घास गिळवत नाही. नीट केली तर तीच भाजी वाल घालून किंवा कोलंबी घालून अशी होते, की ठाण्या-कल्याणची कितीतरी घरं वर्षभर तिची वाट पाहतात.

कडूकंदाचं तंत्र याहून कष्टाचं. कंद राखेच्या पाण्यात उकडायचा, काप करायचे, ते टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. आणि मग कळलावी. श्रावणाच्या आसपास कुंपणांवर, झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात ती हिचीच. जमिनीखालच्या तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते शिजवूनही जात नाही. रताळं किंवा रानकंद समजून तो खाल्ल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यातून जो वाचतो त्याचे केस दहा-पंधरा दिवसांनी झडू लागतात.

ख्रिस्तीला हे सगळं आवडलं असतं. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधालयात काम केलं आणि विषांची ओळख तिला तिथेच झाली. तिच्या ‘द हर्ब ऑफ डेथ’ या कथेत जेवणासाठी खुडलेल्या सेजच्या पानांत फॉक्सग्लोव्हची विषारी पानं मिसळलेली असतात; जेवणारे सगळे आजारी पडतात, एक मुलगी मरते, आणि मिस मार्पल बसल्या जागी उलगडा करते. ख्रिस्तीच्याच ‘द पेल हॉर्स’ या १९६१च्या कादंबरीत केस गळणं हाच थॅलियमच्या विषाचा धागा आहे. १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एक लहान मूल दाखल होतं आणि डॉक्टरांना रोग कळत नव्हता. तिथली परिचारिका नेमकी हीच कादंबरी वाचत होती. तिने थॅलियमची शंका काढली, ती खरी ठरली आणि मूल वाचलं. विषांचं ज्ञान गोष्टीत घालणं हा नुसता वेळ घालवण्याचा खेळ नाही, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

मराठीत रहस्यकथेला वाचकांचा तोटा कधी पडला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. टीव्हीवर ‘आम्ही सारे खवय्ये’सारख्या कार्यक्रमाने गावोगावच्या सुगरणी दाखवल्या. या दोन्ही आवडी एकत्र आणून एखाद्या पाड्यावर बेतलेली कथा लिहिली जायला हवी. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे पाककृतींच्या स्पर्धाही होतात. तिथे फक्त कॅमेरा आणायचा.

अशी कथा कशी उभी राहील? समजा, एका वाहिनीची स्पर्धा जूनमध्ये मुरबाडला सुरू होते. पहिल्याच भागात शेवळांची भाजी खाऊन मुंबईचा परीक्षक घसा धरून खाली बसतो. कोणीतरी स्पर्धकाच्या वाट्यातली काकडं काढून घेतलेली आहेत. जीव जात नाही, पण एका बाईचं नाव जातं. स्पर्धेची अंतिम फेरी पौषात, मुरबाड तालुक्यातल्या म्हसाच्या यात्रेच्या दिवसांत. त्या वेळी कंदाच्या ताटानंतर परीक्षक मरतो. आता कोडं असं, की पौषात कळलावीचा वेल वाळून गेलेला असतो. फूल नाही, पान नाही. जमिनीवर तिची खूण उरत नाही. ज्याने कंद उकरला त्याने श्रावणातच फुलं पाहून जागा हेरून ठेवलेली असणार. म्हणजे खून रागाच्या भरात झालेला नाही, तो पाच महिने आधी ठरलेला आहे. ही गोष्ट प्रयोगशाळेच्या अहवालात येत नाही. ती पाड्यावरच्या भाजीवाल्या आजीला ठाऊक असते.

अडचण एवढीच, की पहिला संशय तिच्यावरच जाईल. जंगलातलं विष म्हटलं की बोट जंगलात राहणाऱ्याकडे वळतं, आणि हे कादंबरीपुरतं नाही. म्हणून या कथेत भाजीवाली नुसती साक्षीदार किंवा गमतीचं पात्र असून चालणार नाही. मिस मार्पलची जागा तिचीच. मुंबईहून आलेला चलाख पत्रकार तिला प्रश्न विचारतो आणि उलगड्याचं श्रेय स्वतः घेतो, अशी कथा कोणी लिहिली तर ती फसलेली समजावी.

तपासाची यंत्रणाही इथे तयार आहे. गावात पोलीस पाटील असतो. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार संशयास्पद मृत्यूची खबर पोलिसांना देणं हे त्याचं काम. तो गावचाच, त्यामुळे कोणाचं कोणाशी बांधावरून वाजलं आहे हे त्याला पाठ. मग ठाणे ग्रामीण पोलीस, अकस्मात मृत्यूची नोंद, पंचांसमोर पंचनामा, शवविच्छेदन, आणि व्हिसेरा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे. अहवाल यायला वेळ लागतो आणि लेखकाला तोच वेळ हवा असतो. त्या दिवसांत त्याच ताटातला एक घास चाखलेल्या मदतनीस मुलाचे केस उशीवर गळायला लागले, की आपली भाजीवाली आजी अहवालाची वाट पाहणार नाही.

पुढचा मुद्दा कॅमेऱ्याचा. टीव्हीवरची स्पर्धा तासाभराची दिसते, चित्रीकरण दिवसभर चालतं. प्रेक्षकांना दिसतो तो कापून, जोडून, गाणं लावून सजवलेला भाग. खुनी कोण हे त्यात सापडणार नाही. ते सापडेल जूनच्या पहिल्या फेरीच्या न दाखवलेल्या चित्रीकरणात: ओट्यावर काकडांचा वाटा ठेवलेला आहे, दिवे जुळवायला सगळे बाजूला झाले आहेत, आणि एक हात चौकटीत येतो. आजीला तो हात ओळखायला चेहरा लागत नाही. त्या बोटांवर कंद खणणाऱ्याचे घट्टे आहेत, आणि हा माणूस तर सगळ्यांना सांगत आला होता की त्याने जंगलात कधी पाऊल टाकलं नाही.