तंत्रिका वृद्धिघटकांचे अनुकारी लघुरेणू

तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) जगविणाऱ्या व त्यांची वाढ घडविणाऱ्या नैसर्गिक प्रथिनांचे कार्य अंशतः करू शकणारी, कमी रेणुभाराची संयुगे. मेंदूच्या ऱ्हासजन्य रोगांवरील संभाव्य औषधे म्हणून त्यांचा अभ्यास होत आहे.

तंत्रिका वृद्धिघटकाचा शोध रीता लेव्ही-मोंताल्चीनी (१९०९–२०१२) आणि स्टॅन्ली कोएन (१९२२–२०२०) यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सेंट लूइस येथे लावला. कोंबडीच्या भ्रूणात उंदराचे अर्बुद (गाठ) बसविले असता तंत्रिका तंतू विपुल वाढतात, या निरीक्षणातून तो लागला. या कार्यास १९८६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा घटक कोशिकेच्या पृष्ठावरील दोन प्रकारच्या ग्राहींना जोडला जातो. ‘ट्रक-ए’ हा ग्राही जगण्याचा संदेश देतो. ‘पी-७५’ हा परिस्थितीनुसार जगण्याचा किंवा कोशिकामृत्यूचाही संदेश देतो.

औषध म्हणून मूळ प्रथिन वापरण्यात मोठी अडचण आहे. त्याचा रेणुभार सु. २६,००० असल्याने रक्त व मेंदू यांमधील रोध ते ओलांडू शकत नाही. डोळ्याच्या पारपटलाच्या एका विकारावर ते थेंबांच्या रूपात वापरतात (२०१७ पासून), कारण तेथे हा रोध आड येत नाही. स्वीडनमध्ये १९९० नंतरच्या दशकात अल्झायमर रोगाच्या तीन रुग्णांच्या मस्तिष्क विवरांत ते नळीने सोडले गेले. परंतु पाठदुखी व वजनातील घट हे परिणाम दिसून आले.

यावर उपाय म्हणून ग्राहीला जोडले जाणारे लहान रेणू शोधण्यात आले. ‘एलएम११ए-३१’ हे आयसोल्यूसीन या ॲमिनो अम्लापासून बनणारे संयुग असून त्याचा रेणुभार सु. २४३, म्हणजे मूळ प्रथिनाच्या जवळजवळ शंभरावा हिस्सा आहे. ते तोंडाने घेता येते व मेंदूत पोहोचते. ते पी-७५ वर कार्य करून ऱ्हासाचे संदेश रोखते. ट्रक-ए ते उद्दीपित करीत नसल्याने वेदना टळण्याची अपेक्षा असते.

मात्र ग्राहीला जोडले जाणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. सु. २४० अल्झायमर रुग्णांवरील २६ आठवड्यांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२४) हे संयुग सुरक्षित ठरले व ऱ्हासाचे काही जैव निर्देशक मंदावले. पण बोधनक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. ७,८-डायहायड्रॉक्सिफ्लॅव्होन हे संयुग मेंदूजन्य वृद्धिघटकाप्रमाणे ‘ट्रक-बी’ ग्राही उद्दीपित करते, असे २०१० मध्ये मांडले गेले. नंतर काही इतर प्रयोगशाळांना त्याचा पडताळा आला नाही. म्हणून अशा प्रत्येक संयुगाची स्वतंत्र प्रयोगशाळांत व दीर्घकालीन मानवी चाचण्यांत पारख होणे आवश्यक ठरते.