आधी कसब, मग कागद

नाशिकला पंचवटीत पेठ रोडवरच्या आरटीओत वाहन परवाना काढायला गेलेल्याला गाडी कुणाकडे शिकलात, असं सहसा कुणी विचारत नाही. चालवून दाखवा, एवढंच. आरपीएल (अनुभवातून कमावलेल्या कौशल्याला औपचारिक मान्यता) ही साधारण अशीच परीक्षा.

बिगारी म्हणून बांधकामावर आलेला माणूस काही वर्षांत पक्का गवंडी होतो. कागद मात्र नसतो. त्यासाठी कोर्स करायचा म्हणजे मजुरी बुडणार, या समजुतीने तो विषयच सोडून देतो. समजूत स्वाभाविक आहे. सरकारी प्रशिक्षण म्हटलं की वर्ग आणि हजेरीच आठवते.

२०१५मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत मात्र आरपीएल हा वेगळा भाग आहे. त्यात पूर्ण अभ्यासक्रम नसतो. थोडी उजळणी, सुरक्षिततेची माहिती आणि मग मूल्यमापन. गवंड्याने थापी चालवून दाखवायची, भिंत ओळंब्यात आहे की नाही ते परीक्षकाने बघायचं, वर चार प्रश्न.

हे प्रमाणपत्र म्हणजे दहावी नव्हे, आणि नोकरीची हमी तर नाहीच. पदवीच हवी असेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून नाशिकमध्येच आहे.